लेकरू सोलापुरात हाय

शिरूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय प्राची,

परवा तुझा फोन आला आणि मी दोनच वाक्यं बोलून ठेवून दिला. रागावू नकोस. हल्ली फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवते. एक तर तो पुण्याच्या सेंटरचा असतो, नाहीतर इंजेक्शनच्या वेळेचा गजर असतो. म्हणून हे पत्र. यवतच्या शाळेत एका बाकावर बसूनही आपण चिठ्ठ्या लिहायचो. आता तर तू दौंडला आणि मी शिरूरला, म्हणजे रीतसर कारण आहे. पत्र निदान दोन दिवस वाटेत शांत पडून राहतं. मला सध्या असंच काहीतरी हवंय, जे लगेच उत्तर मागत नाही.

आधी वाईट बातमी. दिवाळीतलंही फसलं. ही तिसरी वेळ. सेंटरमध्ये आमचा एकच गर्भ गोठवून ठेवलेला उरलाय. डॉक्टरबाई म्हणाल्या, फेब्रुवारी संपता संपता तो पोटात सोडू. "शेवटचा" हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण फाईल मिटताना माझ्याकडे बघितलंही नाही. आमचे दोघांचेही रिपोर्ट चांगले आहेत. कारणच सापडत नाही म्हणतात. अकरा वर्षं झाली लग्नाला, आणि कारण सापडत नाही.

आता दुसरी बातमी, आणि ही वाचताना खाली बस. तीन वर्षांपूर्वी मी आणि संपतनं दत्तकासाठी सरकारी वेबसाईटवर नाव नोंदवलं होतं, ते तुला एकटीला माहीत आहे. तेव्हा नंबर इतका लांब होता की नोंदवलं आणि सोडून दिलं. काल सहज उघडून बघितलं, तर नंबर जवळ आलाय गं! खरंच जवळ! मी दुकानात एका ब्लाऊजला काजं करत होते, सुई सरळ बोटात घुसली. संपत कंपनीतून आला तेव्हा मी जिन्यातच सांगून टाकलं. तो बुटांसकट स्वयंपाकघरात आला. आम्ही दोघंही हसत होतो आणि एकमेकांना "हळू बोल, हळू" म्हणत होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं.

पण आमचा जुना अहवाल आता मुदतीबाहेर गेलाय. समाजसेविका बाई पुन्हा घर बघायला येणार आहेत. आणि आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यातलं काहीच माहीत नाही. "पोटचं" हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा असतो. त्यांच्यासमोर हे कसं काढायचं ते आम्हाला तीन वर्षांत सुचलेलं नाही.

त्यातून एक काम अडलंय. आत्यांनी बिरोबाला पाच रविवार बोललेत. ते आम्ही जोडीनं करायचे. पण संपतची रविवारी पाळी असते, आणि खरं सांगायचं तर तिथल्या बायका माझ्या चेहऱ्याकडे न बघता पोटाकडे बघतात, ते मला आता सोसत नाही. आत्या म्हणाल्या, मग तुमच्या वतीनं मी करते. पण ठाणं खुटबावच्या बाहेर रानात, आणि त्यांचे गुडघे गेलेले. तू रविवारी यवतला आईकडे येतेस, तिथून आत्यांचं घर जवळच. स्कूटीवरून नेशील त्यांना? तुमच्याकडे नवस-सायास नाहीत, मला माहीत आहे. हात जोडू नकोस, नुसती गाडी चालव.

आणि दत्तकाचं अवाक्षर काढू नकोस. शपथ आहे.

तुझीच,
प्रगती


दौंड,
२० जानेवारी

प्रगती,

जय भीम, आणि डोक्यात एक टपली. मला विचारायला तुला एवढी प्रस्तावना लागते?

दोन रविवार झाले. माझी आई पहिल्या दिवशी दारातच उभी. "तू कवापास्नं बिरोबाची डायवर झालीस गं?" मी म्हटलं, "आये, मी बिरोबाची न्हाई, कुशामावशीची डायवर हाय." त्यावर आई म्हणाली, "मग हेल्मेट घाल. त्यो काय तुला वळखत न्हाई."

तुझ्या आत्या, म्हणजे माझ्या कुशामावशी, स्कूटीवर एका अंगानं बसतात. एका हातात भंडाऱ्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात माझी वेणी. वेग वाढला की वेणी ओढतात. "आगं हळू, मेंढरं आडवी येत्याल." मी म्हणते, मावशी, मेंढरं कुठं राहिली आता, सगळा ऊस झालाय. तर म्हणतात, "तुला न्हाई दिसत. मला दिसत्यात."

मी बाहेर बाभळीखाली उभी राहिले आणि त्यांच्या चपला सांभाळल्या. मावशी देवाशी बोलतात ते रस्त्यापर्यंत ऐकू येतं, हे तुला ठाऊक असेलच. मला नव्हतं. विनवणी वगैरे काही नाही, सरळ भांडण. "माझ्या पोरीची सुया टोचून टोचून चाळण केलीया तिकडं. तुला दिसतंय का न्हाई? का तुला बी मोतीबिंदू झालाय?" मी गाडीच्या आरशात बघून हसू दाबत होते. मग लक्षात आलं, त्या "सून" म्हणाल्या नव्हत्या. "पोरीची" म्हणाल्या.

काल येताना मात्र फार बोलल्या नाहीत. दमल्या असतील. बाकी सगळं ठीक.

तुझी गोळ्या-इंजेक्शनं वेळेवर घेत जा. माझी इथे आरक्षणाच्या खिडकीवर नेहमीची कुस्ती चालू आहे. घरी सम्राट म्हणतो, माणसं तिकीट काढायला येतात, तू त्यांना आयुष्याचा सल्ला देऊन पाठवतेस.

आणि हो. मावशी कधी न सांगता शिरूरला आल्या, तर दार उघड. इतकंच.

प्राची


शिरूर,
२ फेब्रुवारी

प्राची, दगाबाज!

"दार उघड, इतकंच." दार मी उघडलं. दारात आत्या होत्या. आत्यांच्या मागे शेळी होती. शेळीच्या मागे करडू होतं. आणि सर्वांत मागे, जिन्याच्या वळणावर अंग चोरून, समाजसेविका बाई उभ्या होत्या!

मला आधी श्वास घेऊ दे, मग नीट सांगते.

गुरुवारी सकाळी अकराला बाई येणार होत्या. मी पहाटेपासून घर पुसत होते. संपतनं रजा टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घालून तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. इतक्यात खाली टेम्पो थांबल्याचा आवाज, मग जिन्यात खडखड, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची किंकाळी. मी दार उघडलं तर हे असं. आत्या मला म्हणाल्या, "सरक. साखरीला पाणी दे आधी." साखरी म्हणजे शेळी.

समाजसेविका बाई तरुण आहेत, चष्मा लावतात, फार सभ्य. त्यांनी करडाला ओलांडून चप्पल काढली. संपत उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. मला वाटलं, संपलं. तीन वर्षं थांबून नंबर जवळ आला आणि आमच्या अहवालात आता लिहिलं जाणार, "तिसऱ्या मजल्यावर शेळी."

बाईंनी आत्यांना विचारलं, "आजी, ही कशासाठी आणलीत?"

"लेकरू येनार हाय न्हवं? त्याला दूध नगं?"

संपतनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. त्यानं मान हलवली, मीही नाही. मग आम्हाला दोघांनाही एकदमच स्कूटी आठवली.

बाई म्हणाल्या, "पण आजी, बाळ अजून ठरलेलं नाही. वेळ लागेल."

"म्हनूनच आनली," आत्या म्हणाल्या. "बाई, तुम्हांस्नी म्हाईत नसंल. शेळीची जागा बदलली की दूध आटतंय तिचं. आधी रुळाया पायजे. लेकरू आल्यावर आनून काय उपेग? ते रडंल आन् ही बी रडंल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हसू आवरून नीट समजावलं, की बाळाला कुठलं दूध द्यायचं ते डॉक्टर सांगतील, असं परस्पर शेळीचं द्यायचं नाही. आत्यांनी ते पडल्या चेहऱ्यानं ऐकलं. म्हणाल्या, "मग आईनं प्यावं. तिला बी ताकद लागंल." बाईंनी विचारलं, "मूल दुसऱ्या कुणाच्या पोटचं असेल, आजी. तुम्हाला चालेल?"

आत्या बराच वेळ साखरीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "मी देवाकडं लेकरू मागितलं हाय. कुठनं आनायचं, ते त्याचं त्यो बघंल. मी त्याला पत्ता कशाला सांगू?"

बाई गेल्यावर मात्र खरं वादळ झालं. "तीन वर्सं? तीन वर्सं माज्यापास्नं झाकून ठिवलं?" मी म्हटलं, "आत्या, तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! "इच्यारलं कवा?" एवढंच म्हणाल्या.

त्या आता इथेच आहेत, फक्त राहिलेल्या रविवारांना ठाण्यावर जाऊन येणार. साखरी गॅलरीत बांधलीय. खालच्या काकू बोलत नाहीत, पण त्यांचा नातू दिवसातून चार वेळा पाला घेऊन येतो. आत्यांचं म्हणणं, दोन्ही करा. सेंटरचं पण करा, दत्तकाचं पण करा. संपतचंही तेच. माझ्या गोळ्या चालू आहेत, १ मार्चची तारीख धरलीय.

तुझ्यावर मी रागावलेली आहे. नीट, सविस्तर उत्तर पाहिजे.

प्रगती


दौंड,
७ फेब्रुवारी

प्रगती,

शेळी! मी पत्र खिडकीवरच उघडलं, आणि पुढच्या माणसाचं हावडा मला हडपसर ऐकू येऊन त्याचं तिकीट रद्द करायची वेळ आली. इतकी हसले.

सांगते. दुसऱ्या रविवारी मावशी दर्शन घेऊन आल्या आणि बाभळीखाली माझ्या शेजारी बसल्या. घाम पुसत म्हणाल्या, "प्राचे, ह्या बारीला बी न्हाई झालं तर ती पोरगी मरंल. मीच पळवलीया तिला. हा देव, त्यो डाक्टर. मी थांब म्हनलं आस्तं तर ती कवाच थांबली आस्ती. आता मला थांब म्हनाया तोंड ऱ्हायलं न्हाई." आणि त्या रडल्या, प्रगती. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता. त्या क्षणी तुझी शपथ माझ्या हातात होती आणि त्यांचा हातही माझ्या हातात होता. दोन्ही धरून ठेवता आले नाहीत. मी सांगून टाकलं.

घरापर्यंत एक शब्द नाही. वेणीसुद्धा ओढली नाही. मला वाटलं, मी तुझं घर मोडलं. तुला लिहिताना "दमल्या असतील" असं लिहिलं ते भीतीनं. गाडीवरून उतरल्यावर दाराची कडी काढत त्यांनी एकच विचारलं, "तिथं लेकरांस्नी दूध कशाचं देत्यात गं?" मला काय माहीत? मी म्हटलं, पिशवीचं देत असतील. त्यांनी तोंड असं केलं, जसं काही मी विष म्हणाले.

तर हा माझा गुन्हा. आता शिक्षा म्हणून साखरीचं शेण भरायला बोलावलंस तरी येईन.

तुझं मन कुठे आहे ते मात्र तू लिहिलं नाहीस. आत्यांचं म्हणणं लिहिलंस, संपतचं लिहिलंस. तुझं?

प्राची


शिरूर,
२४ फेब्रुवारी, सोमवार

प्राची,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं ठरलेलं असेल. तरी लिहिते, कारण मशीनवर बसले तर कुणाचा तरी ब्लाऊज बिघडवीन.

आज सकाळी मेसेज आला. मुलगी आहे. अकरा महिन्यांची. सोलापूरच्या संस्थेत आहे. नाव मैना.

मैना, प्राची!

हो की नाही ते दोन दिवसांत कळवायचं. आणि शनिवारी, १ मार्चला, सेंटरची तारीख. इतकी वर्षं दोन्ही दारं बंद होती, आणि आता एका आठवड्यात दोन्ही उघडली. मी घरभर फिरतेय. आत्या मागोमाग फिरताहेत. साखरी ओरडतेय, तिला वाटतंय काहीतरी खायला मिळणार.

सोबत फोटो आहे. भिंतीला टेकवून बसवलंय तिला. डोळे मोठे, कपाळावर केस नाहीतच, एक पाय दुसऱ्यावर टाकून अशी बसलीय की तिनंच फोटोग्राफरला बोलावून घेतलंय. अंगात लाल स्वेटर आहे. त्याची बटणं एक घर चुकून लावलीत. खालचं टोक एका बाजूला लोंबतंय, आणि गळ्याशी एक बटण एकटंच राहिलंय.

संपतनं डोळे बघितले. आत्यांनी कान बघितले, म्हणाल्या ऐकायला तल्लख आहे. मी बटणं बघितली. माझी बोटं आपोआप स्क्रीनवर गेली. काचेवरूनच बटणं सोडवायला लागले मी, कळलं का? फोन बंद पडला माझ्या हातून.

तू विचारलं होतंस, माझं मन कुठे आहे. त्या चुकलेल्या बटणापाशी आहे.

पण संपत म्हणतो, दोन्ही करू. पाकिटात त्यानं सेंटरनं दिलेला फोटो ठेवलाय, आमच्या त्या गोठवलेल्या गर्भाचा. करडा, वाटोळा, आतमध्ये पेशी. मी हसायचे, की पाकिटात लोक देवाचा फोटो ठेवतात. आज हसू आलं नाही. तो म्हणाला, "हेही आपलंच आहे ना, प्रगती? याचं काय?" आत्या म्हणाल्या, "देवानं दोन दिली तर दोन घ्यावी. एकाला न्हाई का म्हनायचं?"

त्यांचं बरोबर आहे. पण शनिवारी ते सोडलं तर पुढचे दिवस मी कशी असते, ते तुला माहीत आहे. पायऱ्या मोजून उतरते. शिंक आली तरी घाबरते. पोटावर हात ठेवून झोपते आणि तपासणीचा दिवस येईपर्यंत दुसरं काही ऐकत नाही. आणि त्याच दिवसांत मी तिला आणायला जाऊ? तिला उचलायचं की नाही, हा विचार करत? ती पहिल्यांदा या दारातून आत येईल तेव्हा हे घर दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असेल. मला ते नकोय. ती आधीच एका अशा ठिकाणाहून निघालीय, जिथे तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.

हे मी अजून त्या दोघांना बोललेले नाही. तुलाच आधी लिहिलं. आता उठते आणि बोलते. देवा, भूक लागलीय मला! सकाळपासून कुणी जेवलेलं नाही.

प्रगती


दौंड,
२५ फेब्रुवारी

प्रगती,

तुझं उत्तर नाही म्हणून मीच लिहिते. मी शनिवारची रजा टाकलीय. पुण्याला सेंटरमध्ये तुझ्यासोबत मी येणार. संपतला म्हणावं, तू बाहेर चहा पी, आत मैत्रिणी बसतील.

मी खूप विचार केला. आधी मला वाटत होतं, पुरे झालं आता, किती सोसशील. पण मग वाटलं, शेवटचं एक आहे, ते करून बघ. नाहीतर जन्मभर त्याच्याकडे बघत बसशील. दत्तकाचा नंबर काय, आज ना उद्या येईलच. तो थांबतो. हे थांबणार नाही.

म्हणून ट्रान्सफर कर. मी आहे.

प्राची


शिरूर,
२७ फेब्रुवारी

प्राची,

तुझं पत्र आत्ता आलं. माझं तुला आज मिळालं असेल. वाटेत कुठेतरी, न्हावऱ्याच्या आसपास, दोन्ही पत्रं एकमेकांना ओलांडून गेली.

आम्ही हो म्हटलं. काल सकाळी. संपतनं बटण दाबलं.

सोमवारी दोघांनाही सांगितलं, जे तुला लिहिलं तेच. संपत उठून गॅलरीत गेला आणि साखरीजवळ खाली बसला. बऱ्याच वेळानं आत आला तेव्हा पँटला गवत चिकटलेलं होतं. म्हणाला, "शनिवारी मी सेंटरला जाऊन कळवून येतो. तू येऊ नकोस. तू तिचे कपडे शिव." पाकिटातला फोटो त्यानं काढला नाही, आणि मीही काढ म्हटलं नाही. त्याचं दुःख त्याला करू दे. माझंही आहेच. रात्री गोळी घ्यायची वेळ झाली, हात डबीकडे गेला, आणि डबी बंदच ठेवायची आहे हे आठवलं. किती हलकं वाटलं, आणि किती रिकामं. दोन्ही एकदम.

आत्या मात्र हटून बसल्यात. राग नाही, पेच आहे. "मी चार रविवार त्याच्याम्होरं सेंटरचं बोलले. नाव घिऊन बोलले, तारीख सांगून. आता काय सांगू त्याला?" जाऊन त्या संपतला म्हणाल्या, "मला खुटबावला सोड. पाचवा रविवार बाकी हाय. तोंडावर सांगितलं पायजे." 

तुझी रजा वाया घालवू नकोस. रविवारी त्यांना ने.

आणि तू चुकलीस म्हणून तुला अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. तू माझ्यासाठी रजा टाकलीस ते मी वाचलं. बाकीचं वाचलंच नाही.

प्रगती


दौंड,
२४ मार्च

प्रगती,

काल तुम्ही गाडीतून उतरून जेमतेम अर्धा तास माझ्याजवळ होतात, आणि मी तेवढ्यात काहीच धड बोलले नाही. नुसती रडले. स्टेशनवरचे हमालसुद्धा विचारत होते, "मॅडम, कोण गेलं?" मी म्हटलं, "आलं रे, आलं!"

म्हणून जे सांगायचं राहिलं ते लिहिते.

२ मार्चच्या रविवारी मावशींना ठाण्यावर नेलं. वाटभर ओठ हलत होते, काय बोलायचं त्याची तयारी चाललेली. मी नेहमीसारखी बाभळीखाली. त्या आत गेल्या, भंडारा उधळला, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग तोच रस्त्यापर्यंत पोचणारा आवाज. "हे बघ, माजं आधीचं बोलनं सोडून दे. सेंटरचं न्हाई करायचं ठरलं. लेकरू सोलापुरात हाय. मैना नाव हाय. हिकडं बघत बसू नगंस आता, तिकडं ध्यान ठिव. पोरं घिऊन येत्याल तवर तिला सर्दी बिर्दी हू दिऊ नगंस."

मी चपला हातात घेऊन उभी होते. हात जोडले नाहीत, माझे जोडले जात नाहीत. पण त्या बाहेर आल्या तेव्हा खाली बसून त्यांच्या पायांत चपला मी घातल्या. त्या म्हणाल्या, "आगं, काय करतीस?" मी म्हटलं, "डायवरचं काम हाय."

आणि काल. तुमचा डबा माझ्यापासून चार डबे पुढे थांबला. मी पळत होते, साडी पायात येत होती. आधी संपत उतरला, दोन पिशव्या आणि एक बादली घेऊन. बादली कशाला होती, देव जाणे. मग तू. आणि तुझ्या खांद्यावरून मागे बघत ती. तिनं मला बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि तुझ्या गळ्यात शिरली. परक्या बाईला बघून मूल आईच्या गळ्यात शिरतं ना, तसं. एका दिवसाची ओळख तुमची! तुझ्या लक्षात आलं नसेल, तू पदर सावरत होतीस. मी बघितलं.

स्वेटरची बटणं बरोबर लागलेली होती.

प्राची मावशी


शिरूर,
९ एप्रिल

प्राची मावशी,

रविवारी तुझी खिडकीवर पाळी होती म्हणून आली नाहीस, तर ऐक काय काय चुकवलंस.

मैनाला इथे येऊन दोन आठवडे झाले. रात्री दोनदा उठते. पहिले चार दिवस संपतला बघितलं की भोकाड पसरायची. आता त्याचा कंपनीचा पास चावल्याशिवाय त्याला कामावर जाऊ देत नाही. साखरीला ती "बा" म्हणते. संपतलाही "बा"च म्हणते, आणि तो त्यावर खूश आहे. मी दमलेय, केस चार दिवस विंचरलेले नाहीत, दुकानातले ब्लाऊज तुंबलेत, आणि मला कुणी सांगितलं असतं की माणूस इतकं दमूनही इतकं गात फिरू शकतं, तर मी विश्वास ठेवला नसता.

आजूबाजूच्या बायकांनी आत्यांना विचारलं, बारसं कधी, नाव काय ठेवणार. आत्या म्हणाल्या, "नाव ठिवायचं काय? हाक मारली की बघतीया ती. तिचं तिनं आनलंय." विषय संपला. पण शनिवारी त्याच म्हणाल्या, "प्रगते, हिची पाचवी कुनी केली आसंल का गं?"

तुमच्याकडे करत नाहीत, म्हणून सांगते. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पुजतात. जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. मी म्हटलं, "आत्या, माहीत नाही. नसेल केली." तर म्हणाल्या, "मंग तिचं लिव्हायचंच ऱ्हायलं आसंल. उद्या करू." मी म्हटलं, "ती वर्षाची झाली. पाचवा दिवस कुठला धरायचा?" "सटवाईला काय क्यालेंडर हाय व्हय?"

तर रविवारी संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला पाचवी मांडली. एक वर्षाच्या मुलीची! खालच्या काकूसुद्धा वर आल्या, रुसवा सोडून. पाटा धुतला, हळद-कुंकू वाहिलं, कणकेचे दिवे लावले. आत्यांनी समोर कोरा कागद ठेवला, वर माझं दुकानातलं पेन. म्हणाल्या, "आता पोरीला निजीव. ती निजल्याबिगर सटवाई येत न्हाई."

पाच दिवसांचं बाळ निजतं गं. ही कुठली निजते? मांडीवर धरली तर मासोळीसारखी निसटली. आम्ही सगळ्या हात जोडून डोळे मिटून बसलो होतो, आणि कागद फाटल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर मैना पाट्यापाशी उभी! पहिल्यांदाच, कुणाच्याही आधाराशिवाय उभी! एका हातात पेन, गालावर हळद, आणि सटवाईचा कागद निम्मा तोंडात.

काकू ओरडल्या, "आगं, काढा, काढा!" संपत धावला, मी धावले. बोट घालून जेवढा निघाला तेवढा काढला. उरलेला तिनं आमच्यासमोर गिळला आणि सगळ्यांकडे बघून दोन दात दाखवले. मी घाबरून आत्यांकडे बघितलं. वाटलं, आता हा काय अपशकुन म्हणतील, किती दिवस मनाला लावून घेतील.

आत्या पोट धरून हसत होत्या. इतकं हसताना मी त्यांना अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. डोळे पुसत त्यांनी मैनाला ओढून मांडीवर घेतलं, तिची हळदीची हनुवटी पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "खाल्लं ना? बरं झालं. आता कुनाला पुसता याचं न्हाई."

तुझी,
प्रगती